मेड इन यूएसए, व्हाया कराची

कल्याणला गाडी जरा रिकामी होते, विठ्ठलवाडी मागे पडतं आणि 'पुढील स्टेशन उल्हासनगर' अशी अनाउन्समेंट होते. बदलापूर लोकलमधल्या कुठल्याही ग्रुपमध्ये या क्षणी एक ठरलेला डायलॉग पडतो. "चला, यूएसए आलं! पासपोर्ट काढा!"

यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा जोक आपल्या बाबांच्या वेळी होता, मामाच्या वेळी होता आणि आपल्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आहे. ब्रँडेड जीन्सची हुबेहूब कॉपी, स्पेलिंगमध्ये एकच अक्षर चुकलेले स्पोर्ट्स शूज, दोन दिवस चालणारं घड्याळ... काहीही डुप्लिकेट दिसलं की लेबल तयार. मेड इन यूएसए!

तर फ्रेंड्स, या वेळचा विषय थोडा हेवी आहे. निर्वासित, त्यांच्यावर होणारी हिंसा आणि शांतता नक्की कशी बनते. थांबा, लगेच पान उलटून राशिभविष्याकडे पळू नका! निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे तंबू येतात. सीरिया, सुदान, गाझा. सगळं लांबचं. पण मी राहते कुळगावात, म्हणजे बदलापूर पूर्वेला. रोज मुंबईला जाता-येता माझी लोकल अशा एका शहरातून जाते जे उभंच राहिलं निर्वासितांसाठी. आणि तिथल्या लोकांच्या पत्त्यात आजही 'कॅम्प' हा शब्द आहे.

कॅम्प नंबर एक ते पाच

कॅम्प थ्री, कॅम्प फोर, कॅम्प फाइव्ह. नवी मुंबईत सेक्टर म्हणतात तितक्या सहजपणे उल्हासनगरकर हे आकडे सांगतात. हे कॅम्प मूळचे लष्कराचे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी इथे लांबच लांब बराकी बांधल्या होत्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी उरल्या. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून येणाऱ्या कुटुंबांना सरकारने याच बराकींमध्ये आणून ठेवलं. सुमारे एक लाख माणसं! त्यांचं 'कल्याण कॅम्प' झालं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि शेजारच्या उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं उल्हासनगर.

नावात उल्हास असला तरी सुरुवात अजिबात तशी नव्हती. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये भिंत म्हणून गोणपाट नाहीतर जुनी साडी टांगलेली. सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास. यातली कितीतरी माणसं सिंधमध्ये स्वतःच्या हवेलीत, दुकानात, शेतावर राहणारी होती.

हिंसेचे तीन प्रकार

मास कॉमला असताना योहान गाल्टुंग हे नाव पहिल्यांदा ऐकलं. नॉर्वेचा अभ्यासक, शांतता हा विषय युनिव्हर्सिटीत शिकवण्यालायक आहे असं जगाला पटवणाऱ्यांपैकी एक. २०२४ मध्ये तो गेला. त्याचा फंडा अगदी सोपा होता. हिंसा तीन प्रकारची असते. पहिली डोळ्यांना दिसते : मारणं, जाळणं, लुटणं. दुसरी व्यवस्थेत लपलेली असते. कोणी कोणाला हात लावत नाही, तरी माणसं मरतात, कारण घर नाही, पाणी नाही, कागद नाही. ही मांडणी त्याने १९६९ मध्ये केली. तिसरी त्याने १९९० मध्ये जोडली : संस्कृतीतली हिंसा. भाषा, म्हणी, जोक, जे पहिल्या दोन्ही हिंसांना 'चालतं रे' असं सर्टिफिकेट देतात.

आता हा फंडा घेऊन उल्हासनगर स्टेशनवर उतरू या.

पहिली हिंसा. फाळणीचं नाव घेतलं की आपल्याला पंजाब आठवतो, प्रेतांनी भरलेल्या ट्रेन आठवतात. सिंधमध्ये त्या प्रमाणात कत्तल झाली नाही. म्हणूनच सिंधी लोकांची गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. आधी बहुतेकांना वाटत होतं, जायचंच कशाला? शेजारी तेच, दुकान तेच. मग डिसेंबर १९४७ मध्ये हैदराबादमध्ये (आपलं नव्हे, सिंधमधलं) दंगल झाली. ६ जानेवारी १९४८ ला कराची पेटली. गुरुद्वारात आसरा घेतलेल्या शिखांवर हल्ला झाला आणि मग शहरभर हिंदूंची घरं लुटली गेली. त्यानंतर कराची बंदरात रांगा लागल्या. जहाजं भरभरून माणसं मुंबईच्या गोदीत उतरू लागली.

यात एक गोष्ट नीट वाचा. कराचीतल्या लुटालुटीत भारतातून हुसकावलेले मुस्लिम निर्वासितही होते. त्यांचीही घरं गेली होती आणि त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. म्हणजे ज्याच्यावर हिंसा झाली त्याने ती पुढच्याला पास केली. ही रिले रेस कुठेतरी कोणीतरी थांबवावी लागते. शांतता हा विषय खरं तर इथून सुरू होतो.

आणखी एक फरक आहे. पंजाब आणि बंगालची फाळणी झाली, त्यामुळे दोन्हींचा एक एक तुकडा भारतात राहिला. सिंध मात्र आख्खाच्या आख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला निदान पंजाब उरला. सिंधी माणसाला 'आपलं राज्य' म्हणून नकाशावर बोट ठेवायला जागाच राहिली नाही.

चाकू नाही, कागद

दुसरी हिंसा कागदावरची. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये निर्वासितांसाठी खास कायदा केला. मदत होतीच, पण नोंदणी करा, सांगू तिथे राहा, असा सूरही होता. शहरात गर्दी नको, कॅम्पात बरे! मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा आला १९५४ मध्ये. म्हणजे जहाजातून उतरल्यावर सहा-सात वर्षांनी. क्लेम भरा, पुरावा द्या, तपासणी होऊ द्या. ज्याने जीव वाचवून पळताना घराची कागदपत्रं ट्रंकेत घातली नाहीत, त्याचं काय? मिळालेली भरपाईही पूर्ण नव्हती. कित्येकांची रक्कम ते राहत होते त्याच बराकीच्या खोलीच्या किमतीत वळती झाली.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाली. बॉस, तसं नाहीये. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरात साधारण १३ चौरस किलोमीटरमध्ये ५ लाखांवर माणसं राहत होती. बराकीच्या जागी चाळ, चाळीच्या जागी चार-पाच मजले. खालच्या जमिनीचे कागद धड नाहीत आणि वरचं बांधकाम मंजूर नाही. ८५५ अनधिकृत इमारतींचा मामला हायकोर्टात गेला. २००६ मध्ये सरकारने फक्त या एका शहरासाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला, पण त्यातून नियमित झालेल्या इमारती फार थोड्या. मे २०२१ मध्ये, दोन आठवड्यांच्या आत, नव्वदच्या दशकात बांधलेल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि आत राहणारी माणसं गेली. याचं सगळं खापर फाळणीवर फोडता येणार नाही, बिल्डर आणि डोळेझाक करणारे यांचा वाटा मोठा आहे. पण घाईत उभं केलेलं तात्पुरतं शहर कायमचं झालं आणि त्याचे कागद कोणी वेळेवर नीट केले नाहीत, हेही तितकंच खरं. गाल्टुंग ज्याला व्यवस्थेतली हिंसा म्हणतो, ती इथे अक्षरशः डोक्यावर कोसळली.

हसा लेको

आणि तिसरी? ती आपल्या सगळ्यांच्या तोंडात असते. साप आणि सिंधी एकदम दिसले तर आधी कोणाला मारायचं, ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. ती इथे पूर्ण लिहीत नाही. 'निर्वासित' हा सरकारी शब्दसुद्धा शिवीसारखा वापरला जायचा. त्यावर त्या पिढीने दिलेलं उत्तर सही होतं : आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी!

माझी कॉलेजातली एक मैत्रीण कॅम्प फोरची. तिची दादी कराचीहून जहाजाने आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आता पंच्याऐंशी पार आहे, पण दाल-पकवान स्वतःच्या देखरेखीखालीच होतं. तिला मी विचारलं, दादी, इथे आल्यावर पहिला मराठी शब्द कुठला शिकलात? मला वाटलं 'पाणी' म्हणेल नाहीतर 'नळ'. दादी हसली आणि म्हणाली, "उद्या." आसपासच्या गावातली एक बाई डोक्यावर पाटी घेऊन बराकीत भाजी विकायला यायची. दादीच्या आईकडे पैसे नसले की ती पालेभाजीची जुडी ठेवायची आणि म्हणायची, "दे उद्या." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. उधारी मात्र बरोबर चालली.

मग मी विचारलं, आणि शाळेत? दादी गप्प झाली. नातीने सांगितलं, दादी शाळेत आपलं आडनाव अर्धंच सांगायची. शेवटचं 'आणी' गिळून टाकायची. कारण 'आणी' आलं की मागून पापडावरून आवाज यायचा. पापडावरून, विचार करा! त्या पापडाच्या लाट्यांवर किती घरं उभी राहिली असतील.

कोणी म्हणेल, जोकच आहे यार, एवढं काय सीरियस व्हायचं. मग हे बघा. सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली १० एप्रिल १९६७ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर वीस वर्षांनी. आणि २००५ मध्ये थेट सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न होता की राष्ट्रगीतातून 'सिंध' हा शब्द काढावा का, कारण तो प्रांत आता भारतात नाही! कोर्टाने याचिका फेटाळली. पण क्षणभर उल्हासनगरच्या शाळेतल्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. तुझं गाव गेलं, घर गेलं, आता गाण्यातला शब्दही दे.

मग शांतता कशी आली?

गाल्टुंगचा उरलेला फंडा हा. मारामारी थांबली की ती निगेटिव्ह पीस. माणूस न घाबरता, मान वर करून जगू लागला की पॉझिटिव्ह पीस. पहिली पोलीस आणू शकतात. दुसरी बांधावी लागते, विटेवर वीट ठेवून. उल्हासनगरात ती कशी बांधली गेली?

पहिली वीट नागरिकत्वाची. घटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांचा प्रश्न तेव्हाच सोडवून टाकला. १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथे राहिलेले थेट नागरिक, नंतर आलेले नोंदणी करून नागरिक. त्यामुळे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत कॅम्पातला माणूस रांगेत उभा राहून मत देऊ शकला. हे किती मोठं आहे ते कळायला इतरांकडे बघावं लागेल. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी सर्वांना लागू होईल असा एक कायदाही नाही. थंडीत ज्यांच्याकडून आपण स्वेटर घेतो त्या तिबेटी लोकांची एक वसाहत आपल्याच गोंदिया जिल्ह्यात आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ पासूनची. तिथे जन्मलेल्या पिढ्यांतलेही अनेक जण आजही नोंदणीच्या पुस्तिकेचं नूतनीकरण करत राहतात. उल्हासनगरातही पाकिस्तानातून अलीकडे आलेली, लांब मुदतीच्या व्हिसावर राहणारी सिंधी कुटुंबं आहेत. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने ठरावीक देशांतून, ठरावीक तारखेआधी आलेल्या आणि ठरावीक धर्मांच्या लोकांना वाट दिली, बाकीच्यांना नाही. त्यावर तुमचं मत काही असो. कागद असलेला आणि नसलेला निर्वासित यांच्या आयुष्यात किती फरक असतो, हे मात्र कॅम्पात आल्यावर वादाशिवाय कळतं.

दुसरी वीट शाळा-कॉलेजांची. तुमच्यापैकी कितीजण जय हिंदचे? के. सी.चे? बांद्र्याच्या नॅशनलचे? ही तिन्ही कॉलेजं सिंधमधून आलेल्या शिक्षकांनी आणि शिक्षणसंस्थांच्या माणसांनी उभी केली. जय हिंद १९४८ मध्ये, नॅशनल १९४९ मध्ये, के. सी. १९५४ मध्ये. स्वतःच्या घराचा पत्ता नाही आणि ही मंडळी कॉलेज काढत होती! उल्हासनगरचं सी. एच. एम. त्याच परंपरेतलं. आणि ही कॉलेजं फक्त सिंधी मुलांसाठी राहिली नाहीत. अंबरनाथ-बदलापूरच्या किती मराठी घरांतलं पहिलं ग्रॅज्युएट सी. एच. एम.मधून बाहेर पडलं, ते आपल्याच सोसायटीत विचारून बघा.

तिसरी वीट धंद्याची. पापड, बिस्किटं, लोकलमध्ये गोळ्या-पेनं विकणं, शिवणकाम, मग फर्निचर, मग जीन्स. गजानन मार्केटमध्ये लग्नाचा बस्ता बांधायला जाणारी मराठी कुटुंबं आणि गल्ल्यावरचे शेठ यांच्यात जे घासाघिशीचं प्रेम आहे, त्याला गाल्टुंग काय म्हणाला असता माहीत नाही, पण मी त्याला शांतता म्हणेन. ज्याच्याशी उद्या पुन्हा व्यवहार करायचाय त्याचं घर आज कोणी जाळत नाही.

हे आपोआप होत नाही, याचा पुरावा कराचीतच आहे. तिथे भारतातून गेलेल्या मुहाजिरांची आणि स्थानिक सिंधी मुस्लिमांची गाडी रुळावर आलीच नाही. १९७२ मध्ये भाषेच्या प्रश्नावरून सिंधमध्ये दंगली झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं कराची धुमसत राहिली. तीच फाळणी, तसेच निर्वासित. दोन शहरांच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या.

यजमानांचं काय?

पण एवढ्यावर थांबले तर ही गोष्ट फारच गोड होईल. लष्कराने महायुद्धात जमिनी घेतल्या त्या कोणाच्या होत्या? इथल्या गावकऱ्यांच्या. उल्हासनगरच्या पलीकडे, मलंगगडच्या वाटेवर नेवाळी आहे. तिथे इंग्रजांनी धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत मिळावी म्हणून शेतकरी पिढ्यान् पिढ्या भांडतायत. जून २०१७ मध्ये तिथे भडका उडाला. पोलिसांच्या गाड्या जळल्या, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. टीव्हीवर तो 'अचानक उसळलेला हिंसाचार' होता. अचानक? युद्धकाळातला कागद होता तो, सत्तरहून जास्त वर्षं न मिटलेला.

म्हणून शांततेचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. आलेल्याला कागद आणि घर हवं, तसं ज्याच्या गावात तो आला त्याचंही देणं चुकतं व्हायला हवं. नाहीतर आपण एकाला वसवताना दुसऱ्याच्या मनात पुढच्या भांडणाचं बी पेरतो.

कोल्हापूरजवळ वळिवडेला दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून आलेल्या सुमारे पाच हजार निर्वासितांचा कॅम्प होता. ते १९४८ पर्यंत निघून गेले आणि त्याच वस्तीत सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर, कपड्यांची मोठी होलसेल बाजारपेठ. पोलंडमधले म्हातारे आजी-आजोबा लहानपणीचं गाव बघायला पुन्हा वळिवडेला येऊन गेलेत. चांगलं वागवलेलं माणसं विसरत नाहीत, इतकं साधं आहे.

एवढं तर जमेल

२०२४ च्या अखेरीस जगात घरदार सोडून पळावं लागलेली १२ कोटी ३२ लाख माणसं होती, असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था सांगते. महाराष्ट्राच्या आख्ख्या लोकसंख्येच्या जवळपास! आकडा वाचून आपण काय करणार, तुम्ही-आम्ही ईएमआय भरणारी माणसं. कागदाची हिंसा सरकारने थांबवायची, हे खरं. पण तोंडाची हिंसा आपल्या हातात आहे. म्हणून एवढं करून बघा :

एक. ऑफिसच्या ग्रुपवर 'सिंधी', 'बांगलादेशी', 'भय्या' असा कोणताही सरसकट जोक आला की स्माइली टाकू नका. भाषण द्यायची गरज नाही. नुसतं हसू नका. हशा आला नाही की जोक आपोआप मरतो.

दोन. शेजारी किंवा मित्राच्या घरी फाळणी पाहिलेलं कोणी असेल तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. अर्थात विचारून. जगभरातून अशा हजारो मुलाखती गोळा झाल्यात, पण तुमच्या मजल्यावरची दादी त्यात असेलच असं नाही. आणि ही पिढी आता भराभर चाललीये.

तीन. घर भाड्याने द्यायची वेळ आली तर 'आमच्यातलेच हवेत' म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबा. गोणपाटाची भिंत टांगून राहिलेल्यांच्या नातवंडांनी आज आपल्याला दुकानं भाड्याने दिली आहेत.

चार. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपण लोकलमध्ये सर्रास विचारतो. जरूर विचारा. फक्त उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. 'कराची' ऐकल्यावर मध्येच तोडू नका.

आणि एखाद्या रविवारी कॅम्पात या. चालिहा साहेबच्या मंदिरात डोकवा, गोल मैदानाला चक्कर मारा, जीन्सची घासाघीस करा. दाल-पकवान मात्र सकाळीच खा, दुपारी संपलेलं असतं.